कटिंग किती मिळतं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा सर्जरीत एम. एस. झाला आणि त्याच्या पुढच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. त्या रात्री तो मुरबाडला आमच्या घरी मुक्कामाला आला. जेवण झाल्यावर ओट्यावर बसला आणि एकामागून एक फोन करू लागला. प्रत्येक फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "सर, तिकडं कटिंग किती मिळतं?" चौथ्या फोननंतर मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अरे, एवढी तलफ आली असेल तर चल एस. टी. स्टँडवर. तिथं मिळेल कटिंग." तो हसायला लागला. म्हणाला, "मामू, चहा नाही हो. कटिंग म्हणजे शिकताना स्वतःच्या हातानं करायला मिळणारी ऑपरेशनं."

त्याला न्यूरोसर्जन व्हायचं होतं. मेंदू आणि मज्जारज्जूच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. मी कविता करणारा, बी. ए. पर्यंत शिकलेला माणूस. मेंदूचा आणि माझा संबंध तो कधीमधी चालतो एवढ्यापुरताच. पण त्या आठवड्यात आमच्या घरात जी चर्चा झाली, तिच्यातून मला काही गोष्टी उमगल्या. त्या मुरबाड-शहापूरच्या माणसालाही ठाऊक असाव्यात असं वाटतं. कारण अखेर त्या आपल्याच डोक्याशी संबंधित आहेत.

आधी ही शिडी समजून घेऊ. बारावीनंतर एम. बी. बी. एस. ची साडेपाच वर्षं. त्यानंतर जनरल सर्जरीत एम. एस. ची ३ वर्षं. त्यानंतर न्यूरोसर्जरीच्या एम. सीएच. ची आणखी ३ वर्षं. म्हणजे कुठंही न अडखळता गेला तरी साडेअकरा वर्षं झाली. खाजगी रुग्णालयांतून राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी. आर. एन. बी. ही पदवी मिळते, तीही याच तोडीची. दिल्लीची एम्स, बंगळूरची निम्हान्स, चंडीगडची पी. जी. आय. अशा संस्थांत एम. बी. बी. एस. नंतर थेट ६ वर्षांचा अभ्यासक्रमही आहे, पण त्याच्या जागा मोजक्या.

या शिकणाऱ्या डॉक्टरांना 'निवासी डॉक्टर' म्हणतात. हा शब्द शोभेचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड नावाच्या सर्जननं ही पद्धत बसवली. शिकणाऱ्यानं रुग्णालयातच राहायचं, रात्रंदिवस रोग्याजवळ असायचं आणि हात तयार होईल तसतशी त्याच्यावर थोडी थोडी जबाबदारी वाढवत न्यायची. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारा हार्वी कुशिंग हा याच हॉल्स्टेडच्या हाताखाली तयार झाला. तेव्हा न्यूरोसर्जरी आणि निवासी डॉक्टरकी यांचं नातं पहिल्यापासूनचं आहे.

आता या जागा मिळतात कशा? पूर्वी प्रत्येक संस्थेची, प्रत्येक राज्याची वेगळी परीक्षा असे. कुठं तोंडी परीक्षाही असे आणि तिथं ओळख लागते अशी कुजबुजही असे. २०१७ पासून देशभरासाठी 'नीट-एस. एस.' ही एकच परीक्षा आली. एम्स, निम्हान्स वगैरे संस्थांची परीक्षा तेवढी वेगळी, ती वर्षातून दोनदा होते. नीटमध्ये संगणकावर दीडशे प्रश्न, अडीच तास. बरोबर पर्याय निवडायचा, चुकला तर गुण वजा. गंमत म्हणजे न्यूरोसर्जरीला जाणाऱ्यानंही उत्तरं द्यायची ती जनरल सर्जरीच्या प्रश्नांची. मूत्ररोगाचा सर्जन, पोटाचा सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि मेंदूचा सर्जन होऊ पाहणारे सगळे एकाच रांगेत. जो क्रमांक मिळेल त्या क्रमानं जागा निवडायची.

अमेरिकेतली रीत निराळी आहे. आपल्याकडच्या कितीतरी मराठी घरांतली मुलं तिथं डॉक्टर होतात, त्यांच्याकडून 'मॅच' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. १९५२ पासून तिथं उमेदवार आपल्या पसंतीच्या रुग्णालयांची यादी देतो, रुग्णालयं आपल्या पसंतीच्या उमेदवारांची यादी देतात आणि या दोन याद्या जुळवल्या जातात. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी सगळ्यांना एकदम कळतं की कोण कुठं. तिथं न्यूरोसर्जरीचं शिक्षण सलग ७ वर्षांचं. मुलाखत होते, आणि त्याआधी उमेदवार वेगवेगळ्या रुग्णालयांत महिना महिना राबून आपलं काम दाखवून येतात. वशिल्याला तिथंही वाव असेलच. पण माणूस रात्री तीन वाजता कसा वागतो हे निवड करणाऱ्यांना आधी बघायला मिळतं. आपल्याकडं त्याचा फक्त क्रमांक दिसतो.

तर त्या क्रमांकांच्या याद्या भाच्यानं वहीत उतरवल्या होत्या. आदल्या वर्षी कुठली जागा कितव्या क्रमांकाला संपली, हे लिहिलेलं. जी जागा लवकर संपते ती मोठी, अशी मुलांची साधी समजूत. मी त्या वहीवर नजर टाकली आणि चकित झालो. आपण लोक 'त्याला काय ब्रेन सर्जन व्हायचंय का' असं म्हणतो, म्हणजे आपल्या मते बुद्धीची ती शेवटची पायरी. पण इथं मूत्ररोगाच्या, पोटाच्या शस्त्रक्रियेच्या कितीतरी जागा न्यूरोसर्जरीच्या बऱ्याच आधी संपलेल्या. अमेरिकेत न्यूरोसर्जरीसाठी मुलं जीव टाकतात आणि आपल्याकडं वरच्या क्रमांकाची मुलं तिला वळसा घालतात. हे कसं?

उत्तर माझ्या बहिणीनंच दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कल्याणहून आली, चपला काढता काढता म्हणाली, "भाई, तूच सांग याला. मुतखड्याचा डॉक्टर झाला तर दोन वर्षांत कल्याणात स्वतःचा दवाखाना टाकेल. संध्याकाळी घरी येईल. हा डोक्याचा डॉक्टर झाला तर आयुष्यभर दुसऱ्याच्या हॉस्पिटलात, आणि रात्री-बेरात्री फोन."

आपाचं म्हणणं बिनतोड होतं. मुतखड्याचं काम थोड्या यंत्रांवर लहान शहरात सुरू होतं. न्यूरोसर्जनला मोठा अतिदक्षता विभाग लागतो, शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक लागतो, सी. टी. स्कॅन, एम. आर. आय., अनुभवी भूलतज्ज्ञ, चोवीस तास जाग्या परिचारिका लागतात. एवढं करून रोगी दगावला तर नातेवाइकांचा राग पहिला त्याच्यावर. म्हणजे लोकांच्या मनातला मान एक, आणि शिकणाऱ्यांच्या रांगेतली किंमत दुसरी. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या आणि लहान मुलांच्या शस्त्रक्रियेच्या जागा तर देशात दरवर्षी चक्क रिकाम्या राहतात.

मग भाचा न्यूरोसर्जरीच का म्हणत होता? त्यासाठी मला १९९६ सालात जावं लागेल.

त्या वर्षी माझा चुलतभाऊ सरळगावहून एम-एटीवरून येताना रस्त्यात पडला. कानशिलावर मार बसला होता. थोडा वेळ भोवळ आली, मग उठून बसला. कुणीतरी गाडीसकट घरी आणून सोडलं. चालत आला, बोलला, चहा प्यायला, थट्टाही केली. डोकं दुखतंय म्हणाला, म्हणून चाचींनी त्याला झोपवलं. मध्यरात्री त्याला उलटी झाली आणि मग तो उठेचना. आम्ही जीप केली. पहिल्या दवाखान्यात म्हणाले पुढं न्या. दुसरीकडं यंत्र बंद होतं. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात पोचलो तेव्हा उजाडत होतं. एका तरुण निवासी डॉक्टरनं त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, धावत आत नेलं. तासाभरानं तो बाहेर आला आणि बाकावर चाचांच्या शेजारी बसला. त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं की तो दोन दिवस झोपलेला नाही. तो म्हणाला, "बाबा, ऑपरेशन अवघड नव्हतं. वेळ गेली."

त्याच दिवशी असरनंतर आम्ही भावाला दफन केलं. ते वाक्य मात्र घरात राहिलं. भाचा ते ऐकत मोठा झाला.

भावाला काय झालं होतं ते आता भाच्यानं मला समजावलं. कानशिलाच्या हाडाला आतून चिकटून एक रोहिणी जाते. हाडाला तडा गेला की ती फाटते आणि कवटी व मेंदूचं बाहेरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागतं. सुरुवातीला मेंदूला विशेष काही झालेलं नसतं, म्हणून माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चहा पितो. साठलेलं रक्त वाढत जातं तसा मेंदू दाबला जातो. मग उलटी, गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी, आणि शेवट. उपाय काय, तर कवटी उघडून रक्त काढायचं आणि फुटलेली रोहिणी बंद करायची. न्यूरोसर्जरीच्या शास्त्रात ही काही मोठी करामत धरत नाहीत. शिकणारा मुलगा पहिल्या-दुसऱ्या वर्षात ती करू लागतो. पण ती वेळेत झाली तर माणूस बहुधा आपल्या पायांनी घरी जातो.

हे कळल्यावर मला 'कटिंग'चा अर्थ वेगळा दिसू लागला. मोठ्या नावाच्या संस्थांची यादी कुणालाही तोंडपाठ असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या क्रमवारीत वैद्यकीय संस्थांमध्ये एम्स पहिली, चंडीगड दुसरी, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज तिसरं आणि निम्हान्स चौथी होती. पण ती क्रमवारी सबंध संस्थेची असते, एका विभागाची नव्हे. शिकणारी मुलं आपसांत वेगळ्याच गोष्टी विचारतात. रोगी किती येतात? कुठल्या तऱ्हेचे येतात? सगळ्या गाठीच, की अपघातही? पहिल्या वर्षी हातात सुरी मिळते, की ३ वर्षं नुसते कागद भरायचे? शिकवणारे कोण? होस्टेल राहण्यासारखं आहे का? आणि झोपायला किती मिळतं?

झोपेचा प्रश्न साधा नाही. अमेरिकेत २००३ पासून निवासी डॉक्टरच्या आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे. आपल्याकडं १९९२ च्या केंद्रीय योजनेत ४८ तास लिहिलेले होते. २०२४ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलानं ७४ तासांची शिफारस केली, यावरूनच ते ४८ तास कुठं राहिले हे कळतं. चाचांच्या शेजारी बसलेला तो डॉक्टर मला आठवतो, तो यासाठीही.

इतिहास पाहिला तर मोठी नावं मोठी कशी झाली तेही दिसतं. १९४९ मध्ये डॉ. जेकब चंडी कॅनडातून शिकून परत आले आणि त्यांनी वेल्लोरला न्यूरोसर्जरीचा विभाग उघडला. पाठोपाठ डॉ. राममूर्तींनी मद्रासला काम सुरू केलं. १९५१ मध्ये देशाची न्यूरॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली. मुंबईत डॉ. राम गिंडे आणि के. ई. एम. रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर ही या शास्त्रातली सुरुवातीची नावं. के. ई. एम. म्हणजे १९२६ साली परळला उभं राहिलेलं महानगरपालिकेचं रुग्णालय. तिथल्याच डॉ. अतुल गोएल यांनी १९९४ मध्ये मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना स्क्रू आणि पट्टी लावून स्थिर करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हे मणके निसटले तर मज्जारज्जू दाबला जाऊन हातपाय लुळे पडतात. ती पद्धत आज जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते.

अशी विद्या पालिकेच्या रुग्णालयात वाढते याचं एक कारण म्हणजे तिथं येणारी माणसं. मान दुखावलेले हमाल, इमारतीवरून पडलेले मजूर, आंब्याच्या झाडावरून पडलेली आमच्याकडची पोरं, कसारा-माळशेजच्या घाटांत आपटलेले ड्रायव्हर. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आणि धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत उभ्या राहतात. तसंच हेही. पाणीही आमच्याकडून जातं आणि डोकीही आमच्याकडून जातात. त्या पाण्यावर शहर वाढलं. या डोक्यांवर पिढ्यान्‌पिढ्या सर्जन शिकले.

मग मी भाच्याला एक प्रश्न विचारला. तो मला कित्येक दिवस टोचत होता. "बेटा, तू ज्याला कटिंग म्हणतोस, ते गरिबाचंच डोकं ना? पैसेवाला म्हणतो मला मोठे डॉक्टरच हवेत. म्हणजे हात शिकायचा तो आमच्यावर?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, हात कुणाच्या तरी डोक्यावरच शिकणार. नाहीतर पुढच्या पिढीला सर्जनच मिळणार नाही. पण शिकणाऱ्याला एकटं सोडायचं, की शेजारी उभं राहायचं, एवढं शिकवणाऱ्याच्या हातात असतं."

त्या रात्री त्यानं पुन्हा फोन केले, आणि या वेळी प्रश्न बदलला. "सर, रात्री दोन वाजता कवटी उघडायची वेळ आली तर शेजारी कोण असतं?" उत्तरं तीन तऱ्हेची आली. एका ठिकाणचा मुलगा म्हणाला, "कुणी नसतं, पण कटिंग भरपूर." दुसरीकडं नाव फार मोठं, यंत्रं अद्ययावत. तिथला म्हणाला, "सर स्वतःच करतात, आपण बघायचं." तिसरा म्हणाला, "सुरुवातीला सर घरून येतात. शेजारी उभे राहतात, हात आपला असतो. पुढं सीनियर उभा राहतो. शेवटच्या वर्षी आपण ज्युनियरच्या शेजारी उभे राहतो." शंभरेक वर्षांपूर्वी हॉल्स्टेडनं सांगितलं ते याहून वेगळं काय होतं?

भाच्यानं वहीत नवी यादी केली. ती आधीच्या यादीशी जुळत नव्हती. मुलांच्या रांगेत खूप आधी संपणारी एक जागा त्याच्या यादीत खाली गेली. मुंबईतलं पालिकेचं एक रुग्णालय वर आलं. आपा रुसली, पण फॉर्म भरताना चहा तिनंच करून दिला. जागा तीच मिळाली.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्यूरोसर्जनचं पदच नसतं. ते असावं असं मी म्हणणार नाही, कारण मघाशी सांगितलेला पसारा तिथं उभा राहणं कठीण. पण आमच्या आणि मुंबईच्या मध्ये, जिल्ह्याच्या पातळीवर तरी कवटी उघडून रक्त काढणारा हात चोवीस तास असायला हवा. ३ वर्षं शिकून बाहेर पडलेली मुलं कुठं जातात, यावरूनही एखाद्या विभागाला गुण द्यायला हवेत. अशी क्रमवारी कुणी काढत नाही. काढली तर मुरबाडचा माणूस ती आधी वाचील.

आता तुमच्या-माझ्या उपयोगाचं. गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला टोकावड्याच्या बाजूच्या एका ओळखीच्या माणसाचा मला फोन आला. पोरगा मोटारसायकलवरून पडलाय, शुद्धीवर आहे, बोलतोय, काय करू? मी भाच्याला फोन लावला. तो कामावरच होता. त्यानं भराभरा विचारलं, "उलटी झाली? डोकं वाढत्या कळांनी दुखतंय? बोलताना अडखळतोय? झोप झोप करतोय?" दोन गोष्टींना हो आलं. तो म्हणाला, "चहा-पाणी काही देऊ नका. १०८ ला फोन करा आणि सी. टी. स्कॅन चालू असलेल्या ठिकाणीच थेट न्या, मध्ये कुठं थांबू नका." मार लागलेल्या माणसाला काही लक्षण नसलं, तरी पहिली रात्र त्याला एकटा झोपवू नये. मधूनमधून उठवून नाव विचारावं, नीट सांगतोय का बघावं.

पोरगा वाचला. ऑपरेशन भाच्याच्या रुग्णालयात झालं नाही, वाटेतच एका ठिकाणी झालं. कुणी केलं ते मला ठाऊक नाही. तो डॉक्टर कुठं शिकला, त्याचा क्रमांक कितवा होता, हेही त्या घरातल्या कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला हे कळवलं. त्यानं एकच विचारलं, "किती वाजता पोचले, मामू?"

"साडेबारा," मी म्हटलं.

"मग बरोबर," तो म्हणाला, आणि झोपायला गेला.